थाळीवरचं वलय आणि मातीतलं काड

मातीतून सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंतींचा मुख्य घटक, पचवणारे जिवाणू वेगळे करायचं काम हाती घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न होता माती कुठली घ्यायची हा. एका ग्रॅम मातीत जिवाणू कोट्यवधी असतात, पण त्यातले सेल्युलोजला हात घालणारे थोडेच. म्हणून जिथे त्यांचं पोट आधीपासून भरत आलंय तिथूनच माती उचलावी, असं ठरवलं. गव्हाच्या काडाचा एक ढीग हंगामभर पडून राहिला होता, त्याच्या तळाची माती घेतली. वरचं काड पिवळं, कोरडं, चकचकीत. हात आत घालत गेलं की ते करडं होत जातं, ओलसर लागतं, आणि अगदी तळाचं काड चिमटीत धरलं तरी मोडतं. मातीला टेकलेला दोन बोटं जाडीचा हा थर मला हवा होता. त्याला तो ओळखीचा मातकट वास होता. हा वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तयार करतात, आणि त्यांच्यातलेही बरेच जण सेल्युलोज पचवतात.

माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली, पण चाळणीवर राहिलेले कुजके तुकडे टाकून दिले नाहीत. वेगळ्या पिशवीत ठेवले. काडाला चिकटून काम करणारे जिवाणू मोकळ्या मातीपेक्षा या तुकड्यांवरच जास्त भेटतात. थोडी माती १०५ अंश सेल्सिअसला वाळवून ओल काढली, पीएच पाहिला, तो ७ च्या जरासा वर होता. उरलेली माती ४ अंशांवर ठेवली.

सेल्युलोज इतकं चिवट का, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्टार्चही ग्लुकोजचा आणि सेल्युलोजही ग्लुकोजचंच. फरक जोडणीत आहे. स्टार्चमधल्या अल्फा-१,४ बंधांमुळे साखळी वळत जाते, मोकळी राहते, एन्झाइमला शिरायला जागा मिळते. सेल्युलोजमध्ये बंध बीटा-१,४. प्रत्येक ग्लुकोज शेजारच्याच्या उलटा बसतो, साखळी सरळ राहते, आणि शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. पदरावर पदर घट्ट वळलेल्या सुंभासारखी ही रचना असते. काही भाग इतका दाटीने रचलेला असतो की पाणीसुद्धा आत जात नाही. तो स्फटिकी भाग. मधेमधे थोडा विस्कळीत भाग असतो आणि तोडायची सुरुवात तिथून होते.

तोडायला एक एन्झाइम पुरत नाही. एंडोग्लुकनेज साखळी मधेच कुठेतरी तोडतं, त्यातून नवी टोकं मोकळी होतात. एक्झोग्लुकनेज त्या टोकांकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या, म्हणजे सेलोबायोज, सोडवत जातं. आणि बीटा-ग्लुकोसायडेज त्या जोडीतून सुटे ग्लुकोज करतं. हे तिसरं काम मागे पडलं आणि सेलोबायोज साचला, की आधीची दोन्ही एन्झाइम मंदावतात. शिवाय काडात नुसतं सेल्युलोज नसतं. वजनाच्या साधारण ३५ ते ४० टक्के ते, आणि त्याला वेढून हेमिसेल्युलोज आणि काडाला कडकपणा देणारं लिग्निन, वर मेणचट साल. त्यामुळे 'सेल्युलोज पचवणारा जिवाणू' आणि 'काड कुजवणारा जिवाणू' या दोन गोष्टी एकच धरता येत नाहीत. या कामातून मला सांगायचं आहे ते हेच, आणि ते मला प्लेटवर नाही, नळीत आणि कुंडीत दिसलं.

सुरुवात फिल्टर पेपरच्या पट्ट्यांनी केली. टेस्ट ट्यूबमध्ये फक्त क्षारांचं पाणी: सोडियम नायट्रेट, डायपोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियम क्लोराइड आणि नावापुरतं फेरस सल्फेट. साखर नाही, पेप्टोन नाही, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट नाही. कर्ब म्हणून एकच गोष्ट, नळीत उभी घातलेली फिल्टर पेपरची पट्टी, अर्धी द्रवात आणि अर्धी बाहेर. ही कृती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रने द्युबो यांची. १९२७ मध्ये रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली ती मातीतल्या सेल्युलोजच्या विघटनावरच. पुढे प्रतिजैविकांच्या कामामुळे दोघेही जगाला माहीत झाले, पण त्या कामाचं मूळ मातीत कुजणाऱ्या अशा गोष्टींच्या अभ्यासात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रत्येक नळीत चिमूटभर माती किंवा कुजक्या काडाचा तुकडा घातला, काही नळ्या माती न घालता तशाच ठेवल्या, आणि सगळ्या ३० अंशांवर ठेवून दिल्या. सुरुवातीचे दिवस काही दिसत नाही. द्रव गढूळ होतो, पण त्याने हुरळून जाऊ नये. मातीसोबत आलेलं थोडंफार सेंद्रिय द्रव्य खाऊनही जिवाणू तेवढे वाढतात. पाहायचं ते पट्टीकडे, आणि पट्टीवरही नेमक्या एका जागी: जिथे द्रव संपतो आणि हवा सुरू होते ती रेघ. तिथे आधी फिकट पिवळा डाग येतो. मग कागद तिथे काचेसारखा पारदर्शक होतो, उजेडात धरला तर आरपार दिसतं. बोट लावलं असतं तर बुळबुळीत लागलं असतं. शेवटी नळीला टिचकी मारली की पट्टी त्याच रेघेवर तुटते आणि खालचा भाग तळाशी बसतो. खाली ओल आहे पण हवा कमी, वर हवा आहे पण ओल कमी. दोन्ही पुरेशी मिळतात ती या रेघेवर. शेतातही काड सगळ्यात लवकर कुजतं ते मातीच्या वरच्या ओलसर, हवेशीर थरात, त्याचं कारण या एका नळीत डोळ्यांसमोर दिसतं. माती न घातलेल्या नळ्यांमधल्या पट्ट्या कडक आणि पांढऱ्या शुभ्र राहिल्या.

पट्टी तुटलेल्या नळीतला थोडा द्रव आणि कागदाचा लगदा नव्या नळीत घालायचा, तिथली पट्टी तुटली की पुन्हा पुढच्या नळीत. प्रत्येक खेपेला आगंतुक गळत जातात आणि पट्टी तुटायला लागणारा वेळ कमी होत जातो. या टप्प्यावर घाई करू नये. पुढे प्लेटवर काय मिळणार, ते इथेच ठरतं.

मग प्लेट, म्हणजे घट्ट माध्यमाची थाळी. इथे सगळे वापरतात ते कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, बोलताना सीएमसी. साधं सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, सीएमसी विरघळतं, म्हणून त्याचं एकसारखं माध्यम करता येतं. १ टक्का घ्यायचं, पण ते पाण्यात एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या, आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. चुंबकीय ढवळणीवर पाणी फिरत ठेवून, वरून पिठीसारखं भुरभुरत सोडावं. सगळं विरघळलं की क्षार, मग घट्ट करायला अगर, मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं. बुरशी आवरायला नायस्टॅटिन घातलं. काड कुजवण्यात बुरशीचा वाटा फार मोठा आहे, ट्रायकोडर्मा तर या कामासाठी प्रसिद्धच आहे. पण ती प्लेटवर पसरली की जिवाणूंची एकही सुटी कॉलनी, म्हणजे त्यांचा वेगळा ठिपका, हाती लागत नाही.

नळीतला द्रव ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात दहापट-दहापट पातळ करत नेला आणि प्रत्येक पातळीचा ०.१ मिली प्लेटवर पसरला. कॉलन्या आल्या तशा त्यांची एक प्रत दुसऱ्या प्लेटवर उतरवून ठेवली, कारण रंग ओतलेल्या प्लेटवरून जिवाणू परत काढणं जिकिरीचं असतं.

रंग म्हणजे काँगो रेड. ही पद्धत टीदर आणि वुड यांनी १९८२ मध्ये मांडली आणि आजही जवळपास तशीच वापरली जाते. ०.१ टक्के काँगो रेड प्लेटवर ओतून १५ मिनिटं थांबायचं, ते काढून टाकून १ मोलर मिठाच्या द्रावणाने धुवायचं. रंग लांब, अखंड बीटा-ग्लुकन साखळीला चिकटून राहतो. साखळी जिथे तुटलेली आहे तिथून तो धुऊन जातो. सगळी प्लेट लालभडक आणि काही कॉलन्यांभोवती पिवळसर नारिंगी वलय. कडा पुसट वाटली तर वरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतावं. काँगो रेड आम्लात निळा-जांभळा होतो आणि वलय उठून दिसतं. हा रंग बेंझिडिनपासून बनतो आणि कर्करोगाच्या दृष्टीने संशयित आहे, त्यामुळे हातमोजे घालूनच काम करावं आणि धुतलेलं पाणी सरळ मोरीत सोडू नये.

वलयाचा व्यास भागिले कॉलनीचा व्यास, असं गुणोत्तर काढून यादी केली. यादीत पहिली आलेली कॉलनी पांढुरकी, कोरडी, सुरकुतलेली. ग्रॅम रंजकक्रियेनंतर (हिच्यात काही जिवाणू जांभळे, म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह, दिसतात आणि काही गुलाबी) सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे दंडगोल आणि आत बीजाणू, म्हणजे बॅसिलसचा घाट. तिचं वलय बाकी सगळ्यांपेक्षा मोठं होतं. बहुतेक प्रकल्प इथे थांबतात. वलयाचा फोटो, गुणोत्तराचा तक्ता, जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६ एस जनुकाचा क्रम, आणि 'प्रभावी सेल्युलोज-विघटक' असं नाव.

पण वलय सांगतं ते एवढंच की या जिवाणूने बाहेर सोडलेलं काहीतरी विरघळलेली, सुटी साखळी तोडतं. सीएमसीच्या साखळीवर कार्बॉक्सिमिथाइल गट बसवलेले असतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटतच नाहीत. स्फटिकी भाग असा तिथे उरतच नाही. त्याला एकटं एंडोग्लुकनेज पुरतं. बॅसिलसच्या अनेक जाती सीएमसीवर मोठी वलयं देतात आणि फिल्टर पेपरवर उपाशी राहतात. म्हणून आमच्या मार्गदर्शक मॅडमचा आग्रह होता की यादीतल्या प्रत्येक शुद्ध कल्चरला पुन्हा कागदाच्या पट्टीसमोर उभं करायचं, वलय कितीही मोठं असो. तसं केलं. पहिल्या क्रमांकाच्या नळीतली पट्टी माती न घातलेल्या नळीइतकीच कडक राहिली. यादीत बरीच खाली असलेली एक पिवळी, लहान वलयाची कॉलनी मात्र कागद पातळ करत गेली. ग्रॅम रंजकक्रियेत ती कधी जांभळी तर कधी गुलाबी दिसायची, दंडगोलही वेडेवाकडे. सेल्युलोमोनासची ही खूण आहे. मूळचे ग्रॅम-पॉझिटिव्ह, पण रंग सहज सोडून देतात. पुढे जनुकाच्या क्रमानेही तेच नाव पुढे आलं.

आणखी एक गोष्ट मला सुटू द्यायची नव्हती. काही जिवाणू एन्झाइम बाहेर सोडतच नाहीत, स्वतःच्या अंगावरच बाळगतात आणि तंतूला चिकटून खातात. त्यांचं सीएमसीवर वलय दिसणार कसं? त्यांच्यासाठी क्षारांच्या अगरवर फिल्टर पेपरची चकती पसरली आणि पट्टी तुटलेल्या नळीतला लगदा तिच्या मध्यावर ठेवला. कागदावर पिवळा, ओलसर चमकणारा डाग उमटला आणि हळूहळू कडेकडे सरकत गेला. मागे कागद उरलाच नाही, नुसता बुळबुळीत पापुद्रा. त्या डागाच्या कडेचा एक तंतू सुईने उचलून काचपट्टीवर घेतला. लांबट, बारीक, टोकाला निमुळते जिवाणू तंतूच्या दिशेलाच, एकामागे एक, अंगाला अंग लावून पडलेले होते. आडवा एकही नाही. तंतू ज्या बाजूला वळतो त्या बाजूला रांगही वळलेली. मी कितीतरी वेळ नजर हटवली नाही. हचिन्सन आणि क्लेटन यांनी १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोदमस्टेडच्या मातीतून असाच जिवाणू वर्णन केला होता. त्याला त्यांनी स्पायरोकीटा सायटोफॅगा म्हटलं. १९२९ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्रॅड्स्की यांनी त्यासाठी सायटोफॅगा ही स्वतंत्र प्रजाती केली. कागदाच्या चकतीची ही रीतही विनोग्रॅड्स्कींच्याच परंपरेतली. नुसती वलयं मोजत राहिले असते तर हा जिवाणू यादीत आलाच नसता.

हवा नसलेल्या जागी, पाणी साचलेल्या मातीत, हे काम वेगळेच जिवाणू करतात. क्लोस्ट्रिडियमच्या काही जातींची एन्झाइम एका मोठ्या संकुलात एकत्र बांधलेली असतात, त्याला सेल्युलोसोम म्हणतात. १९८३ मध्ये बायर, लॅमेड आणि सहकाऱ्यांनी ते दाखवलं. माझ्या उघड्या नळ्यांमध्ये ते येण्याची शक्यता कमी होती, आणि मला काड हवेशीर मातीतच कुजवायचं होतं.

एन्झाइम मोजायला डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धत वापरली, १९५९ ची मिलर यांची. सुट्या साखरेसोबत डीएनएस उकळलं की पिवळ्याचा तपकिरी-लाल होतो, तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा. यात एक मेख आहे. वाढत्या कल्चरमधली साखर थेट मोजली तर ती शून्याजवळ येते, कारण जिवाणू तयार झालेला ग्लुकोज लगेच खातात. जितका जिवाणू जोमदार तितकं वाचन कमी. म्हणून सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव घ्यावा, तो नव्या कागदावर घालावा आणि ठरावीक वेळात किती साखर सुटते ते पाहावं. कागदाची पट्टी १ बाय ६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५० मिलिग्रॅम, ६० मिनिटं, ५० अंश, ही १९८७ ची ठरलेली प्रमाण पद्धत. पण त्यातला पीएच ४.८ हा बुरशीच्या एन्झाइमला मानवणारा आहे. मातीतल्या जिवाणूंची बरीच एन्झाइम ७ च्या आसपास चालतात. त्यामुळे मी फॉस्फेट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, पीएच ७ चा घेतला आणि तसं नोंदवलं. सायटोफॅगाचं एन्झाइम पेशीवरच असल्याने निवळ द्रवात जवळपास काहीच आलं नाही. त्याच्यासाठी कागदाचं घटलेलं वजन हाच भरवशाचा आकडा.

खरी परीक्षा काडाची होती. गव्हाचं काड २ ते ३ सेंटिमीटरचे तुकडे करून, वाळवून, वजन करून नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरलं आणि कुंड्यांतल्या मातीत पुरलं. काड ऑटोक्लेव्ह केलं नाही. उष्णतेने आणि दाबाने काड आधीच मऊ पडतं, लिग्निनची मिठी सैल होते, आणि मग जिवाणूचं श्रेय कुठे सुरू होतं ते कळत नाही. मातीही निर्जंतुक केली नाही, कारण शेतात तशी माती कुठेच नसते.

कुंड्यांच्या रांगा अशा: काहीच न घातलेली, फक्त बॅसिलस, फक्त सेल्युलोमोनास, सायटोफॅगा धरून तिन्ही एकत्र, आणि या प्रत्येकाची एक जोडरांग थोडा युरिया घातलेली. युरियाचं कारण हिशेबात आहे. १०० किलो काडात कर्ब साधारण ४० किलो. कर्ब-नत्र गुणोत्तर ८० : १ धरलं तर नत्र अर्धा किलो. जिवाणूंनी त्या कर्बातला तिसरा हिस्सा अंगी लावला, तर तो १३ किलोच्या वर जातो. त्यांच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतो, म्हणजे १.६ किलोहून जास्त. काडात आहे अर्धा किलो. उरलेला किलोभर ते मातीतून ओढतात, आणि पिकाला तेवढ्या काळापुरता तोटा होतो. काड गाडून लगेच पेरलेलं पीक पिवळं पडतं ते यामुळे. मातीत तो नत्र नसेल तर कुजण्याचाच वेग पडतो.

पिशव्या काढल्या, धुतल्या, वाळवल्या, वजन केलं. चिकटलेल्या मातीचं वजन वजा करायला थोडं काड जाळून राखेवरून दुरुस्ती केली. ही पायरी टाळली तर माती काडात मोजली जाते. नुसत्या बॅसिलसच्या पिशव्या आणि काहीच न घातलेल्या पिशव्या यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. सेल्युलोमोनासने थोडा फरक दाखवला. युरिया घातलेल्या सगळ्याच रांगा पुढे होत्या, जिवाणू न घातलेलीसुद्धा. आणि तिन्ही एकत्र अधिक युरिया, ही रांग सगळ्यांत पुढे. मातीत मुळात कुजवणारे होतेच, ते नत्रासाठी अडले होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कल्चरची बाटली आणणारा माणूस नत्र आणि ओल विसरला, तर बाटली काही करू शकत नाही. बॅसिलसही एकत्र असताना निरुपयोगी नव्हता. तिघांच्या नळीत कागद बॅसिलसशिवायच्या दोघांच्या नळीपेक्षा लवकर तुटला. उघड्या पडलेल्या साखळ्या तोडायला तो समर्थ आहेच, उघडून द्यायला मात्र दुसरा कोणी लागतो.

पिशव्यांतून निघालेलं काड हातात घेऊन पाहिलं तेव्हा पानांचे तुकडे जवळजवळ संपलेले होते. कांड्यांची कापलेली टोकं मऊ, आतून पोखरलेली, बाहेरची मेणचट साल बरीचशी शाबूत. पेरं तर जशीच्या तशी. म्हणजे काड जितकं बारीक चिरलं जाईल तितकी जिवाणूंना दारं जास्त मिळतात. यंत्राने कुट्टी करून मातीत मिसळलेलं काड आणि सबंध पडलेलं काड यांच्या कुजण्यात जो फरक पडतो, त्याचं एक मोठं कारण हे.

तिन्ही कल्चर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवली आहेत. रोजच्या वापरातली मात्र न्यूट्रियंट अगरवर फिरवत नाही. ग्लुकोजसारखं सहज पचणारं अन्न मिळत असलं की जिवाणू सेल्युलोजची एन्झाइम बनवणं बंद ठेवतात, आणि अशा आयत्या माध्यमावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या कल्चरची कागद तोडायची ताकद कमी झालेली आढळते. म्हणून ती क्षारांच्या पाण्यात, कागदाच्या पट्टीवरच ठेवते आणि पट्टी तुटली की नवी नळी करते.